सतरा नंबर, अंगठाभर खाली

आत्याने फोटोकडे पाहिलंसुद्धा नाही. आमच्या यांनी मोठ्या कौतुकाने ते छापील पत्रक तिच्यापुढे टेबलावर सरकवलं होतं. गुळगुळीत कागद, निळं पाणी, त्यावर पांढरीशुभ्र शिडाची बोट आणि बोटीवर उगीचच हसत उभं असलेलं एक जोडपं. आत्याने पत्रक पालथं घातलं, कपाळावरचा चष्मा नाकावर आणला आणि मागचं बारीक अक्षरातलं कोष्टक वाचायला लागली.

"जावईबापू, चेहरा बघून काय करायचंय? हिचं वजन किती, ते कुठे लिहिलंय?"

"आत्या, फोटो तरी बघा. आत दोन खोल्या आहेत. गरम पाण्याचा नळ आहे."

"नळाचं नंतर बघू. आधी ती पालथी झाली तर सरळ होते का, ते बघू दे."

आमच्या यांची नोकरी लिफ्ट दुरुस्तीची. एकतीस वर्षं हा माणूस एका खोक्यात वर गेला आणि खाली आला, म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांना आडवं जायचं होतं. शिडाची बोट घ्यायची, घराला कुलूप लावायचं आणि दोन वर्षं किनाऱ्याकिनाऱ्याने, जमलं तर त्याच्याही पलीकडे, जात राहायचं. हे त्यांनी मला लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी सांगितलं होतं. मी हसून सोडून दिलं, कारण मला झोपाळ्यावर बसलं तरी मळमळतं. पण ते काही विसरले नाहीत. निवृत्तीला तीन महिने उरले तेव्हा मी एक अट घातली : आत्या ज्या बोटीला हो म्हणेल, तिच्यावरच मी पाय ठेवीन. खरं सांगायचं तर आत्या कुठल्याच बोटीला हो म्हणणार नाही अशी माझी खात्री होती. लग्नासाठी विचारायला आलेल्या माणसांनासुद्धा तिने कधी हो म्हटलं नव्हतं.

आत्या तेव्हा एकाहत्तरची होती. माझ्या वडिलांची थोरली बहीण. ती कायम माझ्या माहेरीच राहिली, मागच्या खोलीत, आणि त्या खोलीतली दुसरी खाट माझी होती. सकाळी आठच्या भोंग्याला ती घरातून निघायची, ती बोटी बांधायच्या यार्डात जायला. तिथल्या नकाशांच्या ऑफिसात तिने एकतीस वर्षं काढली. (आमच्या घरातल्या माणसांना एकतीस या आकड्याचं काय वेड आहे, देव जाणे.) बोट कशी असावी हे थोरले साहेब ठरवत. त्यांच्या डोक्यातली बोट कागदावर नीट उतरवणं, आणि ती पाण्यात किती बुडेल, किती वजन पेलेल, किती कलेल याचा हिशोब करणं हे आत्याचं काम.

मी शाळेत असताना दर शनिवारी दुपारी तिच्या ऑफिसात जायची. शनिवारी शाळा लवकर सुटे आणि घरी कुणी नसे. ते ऑफिस मला अजून डोळे मिटले की दिसतं. उत्तरेकडच्या उंच खिडक्या, माझ्या गळ्यापर्यंत येणारी लांबलचक टेबलं, नकला काढायच्या यंत्राचा नाकात झोंबणारा वास आणि खालून सारखा येणारा रंधा मारल्याचा आवाज. वाकवलेल्या लाकडी पट्टीला धरून साहेब बोटीच्या अंगाची रेघ काढत. ती पट्टी जागची हलू नये म्हणून तिच्यावर चोच असलेली शिशाची वजनं ठेवत, त्यांना सगळे बदकं म्हणायचे. मला त्यातलं एक बदक खेळायला मिळे. ते मला दोन हातांनीही जेमतेम उचले, पण मी त्याला टेबलावरून फिरवून आणायची.

आत्याच्या टेबलावर मात्र एक ताजवा होता, नाजूक, पितळी, काचेच्या घरात ठेवलेला. तो कशाला हे मला पुष्कळ दिवस कळलं नव्हतं. मग एकदा तिने समजावलं. बोट म्हणजे पावासारखी आडवी कापली असं समजायचं. दर दोन हातांवर एक काप. प्रत्येक कापाचा पाण्याखालचा आकार जाड कागदावर काढायचा, कात्रीने कापायचा आणि तो कागद तोलायचा. शेजारी त्याच कागदाचा एक चौकोनी तुकडा, ज्याचं क्षेत्रफळ आपल्याला ठाऊक आहे. वजनाला वजन लावलं की वेड्यावाकड्या आकाराचं क्षेत्रफळ मिळतं. सगळ्या कापांचं मिळालं की बोटीच्या पोटाचं माप मिळतं, आणि पोटाचं माप मिळालं की ती किती वजनाला किती बुडेल ते कळतं. यासाठी चांगलं यंत्रही होतं ऑफिसात, पण साहेबांचा यंत्रावर विश्वास नव्हता आणि आत्याच्या कात्रीवर होता. यार्डातली माणसं तिला मिलिग्रॅमबाई म्हणत. तिच्या तोंडावर नाही, पण तिला माहीत होतं, आणि मनातून ती खूशच होती.

साहेब मोठे तुसडे. कुणाला शाबास म्हणणं त्यांच्या जिवावर येई. एकतीस वर्षांत त्यांनी आत्याला एकच वस्तू दिली, काचेच्या झाकणाची एक पेटी. झाकणाला रबराची पट्टी, आत एका कोपऱ्यात पांढऱ्या खड्यांची कापडी पुरचुंडी. देताना एवढंच म्हणाले, "कागद यात ठेवत जा." त्या दिवशी आत्या पेटी छातीशी धरून घरी आली होती. आईला दाखवली, वडिलांना दाखवली, शेजारणीला बोलावून दाखवली. त्यानंतर जो भेटेल त्याला ती सांगायची, "साहेबांनी कधी कुणाला काही दिलं नाही. मला दिलं." मला तर ते वाक्य पाठ झालं होतं.

यार्ड बंद पडल्यावर ताजवा आणि पेटी दोन्ही घरी आली. पेटीत आता तिची कार्डं होती, प्रत्येक बोटीचं एक, आणि प्रत्येकावर पाच आकडे. जुनी शिडाची बोट घ्यायची असली की लोक ओळख काढून तिच्याकडे यायचे. दातांचे डॉक्टर यायचे, निवृत्त मास्तर यायचे, एकदा एक नवरा-बायको भांडत आले आणि अर्ध्या तासाने बोट न घेताच गळ्यात गळे घालून गेले. आत्या सगळ्यांना तेच पाच आकडे समजावून सांगायची. ते तिने आता जावईबापूंनाही समजावले.

"हा पहिला. शिडं किती आणि ओझं किती. पंधराच्या खाली असला तर वाऱ्याची विनवणी करत बसावं लागतं. विसाच्या वर गेला तर वारा तुमची विनवणी ऐकत नाही. हिचा किती? एकवीस. दुसरा, लांबीच्या मानाने वजन. ही दीडशे. म्हणजे अगदीच हडकुळी. तिसरा, शंभर किलोतले किती किलो बुडाखालच्या शिशात आहेत. अठ्ठावीस. चौथा हा उलटायचा आकडा, रुंदी आणि वजन यांचा. तो दोनच्या खाली पाहिजे. ही सव्वादोनच्या घरात. एकदा पालथी पडली की तिला तसंच बरं वाटायला लागेल."

"पण हे सगळं भर समुद्रात, आत्या. आम्ही काय लगेच—"

"आणि हा पाचवा." आत्याने माझ्याकडे बघितलं. "हा हिचा आकडा. पोटाचा. लाटेवर बोट किती सावकाश हलते ते सांगतो. तिशीच्या आसपास असला तर माणूस जेवतो. ही सतरा आहे. हिच्यावर तुमची बायको दोन वर्षं एका बादलीशी बोलत बसेल."

"बरं, हे वजन तरी कुणाचं?" ती पुढे म्हणाली. "रिकाम्या बोटीचं. पाणी नाही, डबे नाहीत, तुमची हत्यारांची पेटी नाही. सामान भरा, मग सांगा पहिला आकडा एकवीस राहतो का. म्हणजे हिचं चापल्यही पत्रकापुरतंच."

आमच्या यांनी पत्रक स्वतःकडे ओढून घेतलं. त्यांचा चेहरा बघून मला वाईटही वाटलं आणि, आता लपवून काय करायचं, हायसंही वाटलं. तेवढ्यात आत्या उठली, पेटी उघडली आणि न शोधता एक कार्ड बाहेर काढलं.

"अशी घ्या. सतरा नंबर. साहेबांच्या सतराव्या नकाशाची बोट. लाकडी, छत्तीस फूट, सव्वासहा टन. अकरा बांधल्या आम्ही. बघा आकडे. सतरा, दोनशे पंच्याऐंशी, चाळीस, एक पूर्णांक त्र्याऐंशी, एकोणतीस." आकडे सांगताना तिचा आवाज बदलला होता. "साहेबांची सगळ्यात चांगली बोट. आणि हिचे सगळे काप माझे."

मग काय, आमच्या यांना चेवच आला. आठ दिवसांत त्यांनी एक सतरा नंबर शोधून काढली. दोन तासांवरच्या बंदरात ती दुरुस्तीच्या आवारात जमिनीवर टेकू लावून उभी होती. मालक म्हातारा झाला होता, विकायची होती, पण दुसरंही एक गिऱ्हाईक लागलं होतं. रविवारपर्यंत हो किंवा नाही कळवा, असं त्याने सांगितलं. आम्ही गुरुवारी आत्याला घेऊन गेलो.

आवाराची राखण करणारा म्हातारा आत्याला बघून खुर्चीतून उठलाच. तो त्यांच्याच यार्डातला रंगारी होता, सगळे त्याला मामा म्हणायचे. सत्त्याहत्तरीचा, पण पाठ ताठ. दोघांनी एकमेकांकडे नुसतं बघितलं, मग मामा म्हणाला, "बाई, तुम्ही अजून तशाच." आत्या म्हणाली, "तुम्ही नाही." आणि दोघं हसायला लागले. यार्डातली कोण कोण गेली याची उजळणी झाली. सुतारमिस्त्री गेला, शिडं शिवणारी गेली, शिसं ओतणारा मुलाकडे आहे पण कुणाला ओळखत नाही. मी चहाचे कप धरून उभी होते. ती दोघं बोलत असताना मला त्या ऑफिसाचा वास आला, आणि माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. त्या दोघांच्या नाही.

मग आत्या बोटीकडे गेली. स्वतः मापून दिलेली बोट ती इतक्या वर्षांनी हाताच्या अंतरावर बघत होती. तिने डोलकाठी बघितली नाही, आतल्या खोल्या बघितल्या नाहीत. सरळ बोटीच्या अंगाला हात लावला आणि चालू लागली, पुढून मागे, सावकाश. खालचा भाग तांबडा, वरचा पांढरा, आणि दोन्हींच्या मधे पाण्याची रेघ. अर्ध्यावर ती थांबली. रेघेच्या जरा खाली, तांबड्या रंगात, तिचा अंगठा कशात तरी अडकला होता.

"मामा, ही खाच कसली?"

मामा उगीचच एक टेकू चाचपून बघायला लागला.

आत्याने आम्हाला सांगितलं, पण सांगताना ती मामाकडेच बघत होती. लाकडी बोटीवर पाण्याची रेघ आधी कोरतात. बारीक खाच पाडतात, म्हणजे दर वर्षी खरवडून नवा रंग दिला तरी रेघ जागची हलत नाही. रंगाची कड त्या खाचेवर असते. इथे ती खाचेच्या वर होती. अंगठा आडवा ठेवला तर बरोबर बसेल, एवढी वर.

"रेघ वर कुणी घेतली?"

"बाई, जाऊ द्या ना. जुनी गोष्ट."

"मामा."

"साहेबांनी सांगितलं," मामा म्हणाला. तो स्वतःच्या चपलांकडे बघत होता. "पहिली सतरा पाण्यात सोडली ना, तेव्हा ती अंगठाभर खाली बसली. तुम्ही हार घालून घेण्यात... म्हणजे सगळे टाळ्या वाजवत होते, कुणाचं लक्ष नव्हतं. साहेबांचं होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे मला बोलावलं, म्हणाले रेघ वर घे, आणि बाईंना बोलू नकोस. पुढच्या दहाही तशाच रंगवल्या."

परतीच्या वाटेवर आत्या गाडीच्या खिडकीतून बाहेर बघत बसली. तिच्या घरी पोचल्यावर तिने पेटी उचलली आणि खोलीचं दार लावून घेतलं; आम्हीही रात्री तिथेच राहिलो. शुक्रवारी सकाळी ती बाहेर आली तेव्हा एका रात्रीत म्हातारी दिसायला लागली होती.

"माझ्या आकड्यांवर बोट घेऊ नका," ती यांना म्हणाली. "सतरा चुकली तर बाकीची कार्डं तरी कशावरून बरोबर? इतक्या लोकांना मी सांगितलं. त्या मास्तरांना सांगितलं, ते बायको-मुलांना घेऊन गेले."

"ते सुखरूप परत आले, आत्या," मी म्हटलं. "तुला पत्रसुद्धा पाठवलं."

"माझ्यामुळे नव्हे."

मला तिचा राग आला. साहेबांचा तर त्याहून जास्त आला, पण मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही, म्हणून मी तिच्याशीच भांडले. अंगठाभर फरकाने काय आभाळ कोसळतं, असंही म्हणाले. ती म्हणाली, "तुला नाही कळायचं." आणि ते खरंही होतं. एकतीस वर्षं तिने फक्त एक गोष्ट केली होती, आणि ती अचूक केली या भरवशावर पुढची सगळी वर्षं काढली होती. तो भरवसा गेल्यावर तिच्याकडे दुसरं काय होतं? आमचे हे मात्र शहाण्यासारखे वागले. ते सरळ फोनकडे गेले आणि मामाला एकच गोष्ट विचारली.

"आत्या," ते परत येऊन म्हणाले, "आवारातल्या क्रेनला काटा आहे. तिला गेल्या महिन्यात उचललं तेव्हा काट्यावर सव्वासहा टन दाखवत होतं. पाणी नाही, सामान नाही. तुमच्या कार्डावर आहे तेवढंच. वजन तर बरोबर आहे."

आत्याने मान वर केली. "वजन बरोबर? आणि तरी खाली बसली?"

"हो."

"मग माझं पोटाचं माप चुकलं." ती ताठ बसली. आता तिच्या आवाजात दुःख कमी आणि चीड जास्त होती, आणि मला बरं वाटलं. "मी समजले तेवढं पोट तिला नव्हतंच. कागदांनी मला जास्त दाखवलं. पण का? कात्री तीच, कागद त्याच गठ्ठ्यातले. ताजवा तर मी रोज तपासायची."

तिने सतरा नंबरचा जुना नकाशा काढला. कोपऱ्यात तिच्या अक्षरात तारीख होती. आमच्या यांनी जुन्या तारखेचा वार काढून दिला. शनिवार.

"शनिवारी मी असायची तिथे," मी म्हटलं. बोलता बोलता मला ते सगळं दिसलं. मी टेबलावर बसले आहे, पाय वर घेऊन, मांडीवर शिशाचं बदक. खाली उतरायचं नाही, कारण... "आत्या, शनिवारी दुपारी फरशी धुवायचे ना तिथे? बादल्याच्या बादल्या ओतायचे. तू मला उचलून टेबलावर बसवायचीस. हीटरही बंद करायचे, अर्धा दिवस म्हणून."

आत्या माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "चौकोनी तुकडा मी सकाळी तोलला होता. हीटरजवळ. आणि काप दुपारी."

पुढचा तासभर ती आमच्यातली नव्हती. जाड कागदाचा एक तुकडा तिने गॅसच्या शेजारी चांगला वाळवला आणि तोलला. मग न्हाणीघरात ओल्या फरशीवर स्टूल ठेवलं, त्यावर कागद ठेवला, दार लावलं आणि बाहेर घड्याळ घेऊन बसली. पुन्हा तोलला. ताजव्याचं पारडं खाली गेलं. शंभराला पाच. तिने तीनदा करून बघितलं, तीनदा तेच. कागद हवेतलं पाणी प्यायला होता आणि आत्याने ते पाणी बोटीच्या पोटात धरलं होतं.

"म्हणजे मी सांगितलं, ही सव्वासहा टन पेलते. खरं तर रेघेपर्यंत पेलत होती जेमतेम सहा. लाकूड, डोलकाठी, शिडं सगळं मोजून झाल्यावर जेवढं वजन उरतं तेवढं शिसं बुडाखाली ओततात. माझ्या हिशोबाने तीनशे किलो जास्त उरलं. ते ओतलं." ती कार्डाकडे बघत होती. "शंभरात चाळीस म्हणून मी मिरवते ना, ते माझ्या चुकीने झालेले चाळीस. साहेबांच्या मनात सदतीस होते."

"मग हे पाच आकडे?" आमच्या यांनी भीतभीत विचारलं.

"आकडे बरोबर आहेत," आत्या म्हणाली. "चुकले ती मी."

आणि मग तिची नजर पेटीवर गेली. काचेचं झाकण, कडेला रबराची पट्टी, कोपऱ्यात पांढऱ्या खड्यांची पुरचुंडी. तिने ती पुरचुंडी उचलली, दोन बोटांनी चाचपली आणि परत ठेवली. ते खडे ओल शोषून घ्यायचे होते. साहेबांनी पेटी केव्हा दिली होती हे मला विचारावं लागलं नाही. सतरा पाण्यात सोडली त्याच महिन्यात. ज्या बक्षिसाबद्दल ती चाळीस वर्षं जगाला सांगत आली होती, ते बक्षीस नव्हतंच. आत्या रडली नाही. नुसती बसून राहिली, पेटीवर हात ठेवून. मी तिच्या शेजारी जाऊन बसले.

रविवारी सकाळी ती स्वतःहून तयार होऊन दारात उभी राहिली. "चला. मामांना एक विचारायचंय."

मामा आवाराच्या फाटकापाशीच होता. आत्याने नमस्कार-चमत्कार काही केला नाही. "पुढच्या दहा बोटींत शिसं कमी का नाही केलं? साहेबांना चूक कळली होती ना?"

"करणार होते. पण पहिली सतरा वादळात सापडली आणि परत आली. नेणारी माणसं म्हणाली, अशी बोट पाहिली नाही, आडवी म्हणून होत नव्हती. साहेब मग दिवसभर नकाशा घेऊन बसले. संध्याकाळी म्हणाले, शिसं आहे तसं राहू दे, रेघ तेवढी वर घे."

"आणि मला का नाही सांगितलं?"

"मीही विचारलं होतं, बाई. म्हटलं, सांगून टाका, त्या काही लहान नाहीत. तर म्हणाले, तिला कळलं तर ती उद्यापासून कामावर येणार नाही. आणि तिच्यासारखं दुसरं माणूस मी आणू कुठून?"

तिथे उभ्या उभ्या मी आत्याचा चेहरा बघत होते. इतकी वर्षं ज्या एका शब्दाची ती वाट बघत होती, तो तिला आज मिळाला होता, मामाच्या तोंडून, साहेब जाऊन वीस वर्षं झाल्यावर. तिला खूप राग आलेला होता आणि खूप आनंदही झालेला होता, आणि दोन्ही तिला एकाच वेळी लपवता येत नव्हते.

"खरं आहे," ती म्हणाली. "नसते आले. पण सांगायला हवं होतं."

"हो बाई. हवं होतं."

आत्या वळून बोटीपाशी गेली, त्या खाचेवर तिने पुन्हा अंगठा ठेवला. मग आमच्या यांच्याकडे बघून म्हणाली, "घ्या. हिला जेवण जाईल हिच्यावर." आणि माझी अट अशी पुरी झाली. आमच्या यांनी तिथूनच मालकाला फोन केला.

दीड महिन्याने सतरा नंबर पाण्यात सोडली. आम्ही आठवडाभर सामान भरत होतो. पाण्याच्या टाक्या, डबे, माझी पुस्तकं, यांची ती हत्यारांची पेटी, जी दोघांनी उचलावी लागते. आत्या धक्क्यावर खुर्ची टाकून बसली होती, मांडीवर सतरा नंबरचं कार्ड. त्यावर तिने पाच आकड्यांखाली आपल्या बारीक अक्षरात एक ओळ वाढवली होती : 'शनिवारी तोलले. कागद ओले. शिसं तीनशे किलो जास्त. चूक माझी. बोट चांगली.' खाली सही.

मामा छोट्या होडीतून सतरा नंबरच्या कडेला गेला. तांबड्या रंगाची कड आता कुठेच दिसत नव्हती. आमच्या संसाराने बोट आणखी अंगठाभर खाली बसली होती, आणि पाणी पांढऱ्या रंगाला लागलं होतं. मामाने वर पाहिलं आणि हाक मारली.

"बाई! पुढच्या वेळी वर काढली की रेघ उचलायला लागेल. उचलू का?"

आत्या खुर्चीतून उठली, धक्क्याच्या कडेपर्यंत आली आणि वाकून तिने ते पाणी नीट बघितलं.

"उचला," ती म्हणाली. "पण या वेळी मला सांगून."